केशरी झिरा

गुरुजी,

शिमग्याला आठवडा असताना एका सकाळी मी देवापुढे दिवा लावला, खाण्याच्या केशरी रंगाची अख्खी पुडी बाटलीभर पाण्यात कालवली आणि चड्डी-बनियनवर बाईंच्या पोहायच्या तलावात बुडी मारली. पन्नाशीला आलेल्या माणसाने करावं असं हे काम नाही. पाणी इतकं गार होतं की छातीत कळ आली. सात फूट खाली, तळाला एक गोल जाळी आहे. तिथून पाणी पाइपाने पंपाकडे जातं. पंप मी आदल्या रात्रीपासून बंद ठेवला होता, म्हणजे पाणी निवांत असायला हवं होतं. जाळीजवळ मी बाटली दाबली. रंग आधी धुरासारखा जागच्या जागी उभा राहिला. मग तो हळूच वाकला आणि जाळीच्या भोकांतून आत सरकायला लागला. मी वर येऊन श्वास घेतला, परत खाली गेलो, उरलेली बाटली रिकामी केली. तीही आत गेली. 

तुम्हाला हे सगळं नवीन आहे. तुम्ही बदली होऊन इथून गेलात तेव्हा घराच्या आवारात पोहायला तलाव बांधतात हे आपल्या भागात कोणी ऐकलंही नव्हतं. खोडाळ्याहून सूर्यमाळकडे चढताना डाव्या हाताला जो माळ लागायचा, जिथे तुम्ही एकदा आम्हा मुलांना करवंदं खायला थांबवलं होतंत, तिथे आता मुंबईच्या एका साहेबांचा बंगला आहे. साहेब गेले. त्यांच्या बाई आहेत, सत्तरीकडे झुकलेल्या. त्यांचे गुडघे गेलेत आणि डॉक्टरांनी त्यांना रोज पाण्यात चालायला सांगितलंय. जमिनीवर चार पावलं टाकताना त्यांचा चेहरा पिळवटतो, पण छातीभर पाण्यात त्या अर्धा तास चालतात आणि चालताना गुणगुणतात. या वर्षीपासून त्या कायमच्याच इथे राहायला येणार होत्या. मी चौदा वर्षं त्या बंगल्याची राखण करतो. मागच्या दोन खोल्यांत मी आणि माझी घरकरीण राहतो. पाड्यावरचे लोक त्या तलावाला निळं टाकं म्हणतात. आमचा पाडा बंगल्याच्या बरोबर खाली आहे, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर.

टाकं तीन वर्षांपासून गळत होतं. रोज चार बोटं पाणी उतरायचं आणि रोज संध्याकाळी बोअरची मोटर लावून मी ते भरायचो. बाईंनी माघातच फोनवर सांगितलं होतं, "भाऊ, मी येण्याआधी काय दुरुस्त करायचं आणि काय नवीन घालायचं ते तुम्हीच ठरवा. मला त्यातलं कळत नाही आणि दुसऱ्या कोणावर माझा विश्वास नाही." मग नाशिकच्या मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्री म्हणजे तिशीतला माणूस, असल्या टाक्यांचीच कामं करतो. पंपाचं काय, तर बेअरिंग बदलून भागेल. फिल्टरमधली वाळू नवी टाकावी. निखळलेल्या बारा टाइल्स फेकायला नकोत, खरवडून परत बसतील. हे सगळं मी त्याला एका दमात सांगितलं. राहिला तळाचा पाइप. तो म्हणाला, "काका, गळती तिथेच आहे का ते आधी बघा. रंग सोडा. ओढला गेला तर पाइप फुटलाय समजा. मग जाळीला कायमचं बूच मारायचं, तो पाइप सोडून द्यायचा आणि बाजूच्या भिंतीतून नवीन घालायचा. त्याला ठिगळ लागत नाही." म्हणून ती पुडी आणि ती बुडी.

तो पाइप मीच पुरला होता, गुरुजी. टाकं बांधताना मी तिथे गवंड्याच्या हाताखाली होतो. बदली होऊन शाळा सोडताना तुम्ही मला तुमची पाणसळ दिली होतीत, पितळी पट्टीची, आतला बुडबुडा अजून जिवंत आहे. तीच लावून मी पाइपाचा उतार काढला. उतार चोख होता. पण पाइपाखाली वाळूचा थर द्यायला ठेकेदाराला वेळ नव्हता. "टाक मुरूम, बुजव," म्हणाला. मी बुजवलं. खालची माती पोकळ आहे हे पाणसळीत दिसत नाही, पण मला पायाखाली कळलं होतं, आणि मी बोललो नाही.

आता झिऱ्याचं सांगतो, कारण सगळं तिथेच अडकलंय. बंगल्याची बोअर मारली त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात आमच्या पाड्याची विहीर होळीतच आटली. आधी ती वैशाखापर्यंत जायची. मग बाया पुन्हा खालच्या नदीवर जायला लागल्या, उतरायला पाऊण तास आणि हंडे घेऊन चढायला त्याहून जास्त. पाड्यातले चार जण साहेबांकडे नळ मागायला आले होते. साहेब माणूस वाईट नव्हते, पण त्यांच्या वकिलाने सांगितलं की एकदा नळ दिला की हक्क लागतो. साहेबांनी हात जोडून नाही म्हटलं. मी तेव्हा शेजारी उभा होतो. चौघं माझ्याकडे न बघता उतरून गेले. त्यानंतर बरीच वर्षं बाया नदीवरच गेल्या. आणि तीन वर्षांपूर्वी चैत्रात, पाड्यातल्या उंबराच्या मुळाशी, जिथे कधी दवही टिकायचं नाही, तिथे जमीन ओली दिसली. बायांनी हातभर उकरलं, तर पाणी. संध्याकाळपर्यंत झिरा भरला. सगळा पाडा गोळा झाला आणि मला वरून बोलावणं आलं, कारण नेमाने पूजाअर्चा करणारा मी. आपल्याकडची रीत तुम्ही पाहिलीय. नवीन पाणी सापडलं की पहिले पाच हंडे घरात न्यायचे नाहीत, ते धरतरीला परत द्यायचे. मग दगडाला शेंदूर लावून नारळ फोडायचा. ज्याच्या हातून नारळ फुटतो तो सगळ्यांदेखत बोलतो की हे पाणी कोणी अडवणार नाही. ते मी बोललो. मला वाटलं, माणसांनी दिलं नाही ते देवाने दिलं.

टाकं गळायला लागलं तेही त्याच चैत्रात. दोन्ही गोष्टी मी एकाच डोक्यात तीन वर्षं वागवल्या आणि एकीला दुसरीच्या जवळ येऊ दिलं नाही. कधी रात्री शंका यायची. मग मी मनाला सांगायचो की देवाची परीक्षा घेऊ नये, आणि कूस बदलायचो.

रंग सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खालून भावजय धापा टाकत आली. "चला लवकर, देवी न्हालीय. सगलं पानी शेंदरी झालंय." मी उतरलो. उंबराखाली बाया जमल्या होत्या. कोणी हळद आणली होती, कोणी खण. झिऱ्यातलं पाणी फिकट केशरी दिसत होतं, दगडावरच्या शेंदरासारखंच, जणू तोच विरघळला. एकीने मला पुढे ढकललं. "तूच फोडला व्हता नारल, तूच बोल आता, देवी कय मागते." मी हात जोडून उभा राहिलो. डोळे मिटले, पण मिटल्या डोळ्यांपुढे मला जाळीत सरकणारा रंगच दिसत होता. बायांना वाटलं माझ्या अंगात येतंय, त्या मागे सरल्या.

तेवढ्यात माझी फुई पुढे आली. फुई म्हणजे माझ्या बापाची बहीण, ऐंशीच्या पुढची, तिला तुम्ही ओळखायचात. शाळेच्या भिंती शेणाने सारवायला यायची ती. ती खाली बसली, ओंजळ भरून पाणी प्यायली, जीभ टाळूला लावून थोडा वेळ थांबली. मग बायांना म्हणाली, "जा, घरी जा. देवी निजू दे. उद्या पानी निवळंल." बाया गेल्यावर तिने मला खाली बसवलं.

"खोडाल्याच्या दुकानातला रंग," ती म्हणाली. "लग्नात गोड भाताला टाकतात. किती टाकलास?"

"एक पुडी."

"चिमूट पुरली असती. शिकलास पन अक्कल नाय आली."

मी तिला म्हटलं, "फुई, तुला माहीत होतं?"

"पयल्या दिवसापासून. टाक्यात तू ती पांढरी दवा टाकतोस ना, तिचा वास येतो. पावसात नाय येत, उन्हाल्यात येतो."

"मग मला नारळ का फोडू दिलास?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं जसं मी अजून शेंबडा आहे. "पानी आलं व्हतं म्हनून. पानी आलं तं नारल फोडायचा. कुठून आलं ते पान्याला इचारायचं नसतं. आन आलं तं कुनाचं आलं रं? बोअर मारली तवा आमची हीर गेली. वर गेलं ते खाली आलं." मग गुडघ्यावर हात ठेवून उठताना म्हणाली, "तुझी बायको नलाखाली भांडी घासते. तुला कय. बुजवायचं तं बुजव. फकस्त आदी मला सांग, मी हंडे उतरवून ठेवते."

त्या रात्री बाईंचा फोन आला. "भाऊ, रंगाचं कळलं का काही?" मी म्हटलं, तळाचा पाइप फुटलाय. त्या म्हणाल्या, "आणि इतकं पाणी जातं कुठे हो? रोज चार बोटं म्हणजे थोडं नाही." मी म्हटलं, "जमिनीत जातंय, बाई." हे खरं होतं. त्या म्हणाल्या, "मग ते थांबवायलाच हवं. या डोंगरावर लोकांना प्यायला नाही आणि आपण जमिनीत सोडतोय, पाप आहे." त्यांनी मला कधी शिव्या दिल्या असत्या, हिशेबात संशय घेतला असता, तर त्या रात्री किती सोपं झालं असतं. सांगून टाकावं असं ओठावर आलं होतं. पण सांगितलं तर गोष्ट त्यांच्या मुलाकडे जाणार, मुलाकडून वकिलाकडे. गळतं ते कोणाचंच नसतं, म्हणून पाडा तीन वर्षं पाणी पीत होता. ते कोणाच्या तरी नावावर दिसलं की ते बंद करायला किंवा उपकार म्हणून द्यायला कोणीतरी येणार. आणि न सांगावं, तर जिचा माझ्याशिवाय कोणावर विश्वास नाही तिच्या मिठाशी मी खोटा. नारळ फोडून बोललो ते मोडायचं, की हे मोडायचं. घरकरणीला विचारलं, तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमी देवाचं बगा, मी पान्याचं बगते," आणि बंगल्याच्या नळावर भरलेले दोन हंडे घेऊन अंधारातच फुईकडे गेली. म्हातारीला झिऱ्यावरून हंडा उचलवत नाही म्हणून ती हे कित्येक महिने करत होती, हे मला तेव्हा कळलं.

तेव्हा मला तुमची आठवण आली, आणि ती काही गोड आठवण नाही. आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात भिंतीला पाण्याची वही टांगलेली असायची. कोणत्या तुकडीने विहिरीवरून किती कळशा आणल्या ते तिच्यात लिहायचं. एका दुपारी आमच्या तुकडीने आठच आणल्या आणि मी वीस लिहिल्या. तुम्ही मारलं नाहीत. जेवणाच्या वेळी मला पिंपापाशी उभं केलंत, हातात ओगराळं दिलंत आणि सगळ्यांना पाणी वाढायला लावलंत. तिसऱ्या पंगतीच्या मधेच पिंप संपलं. मुलं पेले पुढे करून बसलेली. मी तुमच्याकडे पाहतोय. तुम्ही वही उघडून माझ्यापुढे धरता आणि म्हणता, "यात अजून बारा आहेत. वाढ की." तुमचा आवाज चढलेला नाही. मी वही हातात घेऊन उभा आहे आणि स्वयंपाकीणबाई पदराने तोंड झाकून घेते, हसायला की रडायला ते मला आजही कळलेलं नाही. त्या दिवसापासून मी लिहिलेलं कधी खोटं निघालं नाही. पण गुरुजी, तुम्ही मला खोटं लिहायचं नाही एवढं शिकवलंत. खरं लिहिलं आणि पिंप रिकामं झालं तर काय करायचं, ते शिकवायच्या आत तुमची बदली झाली.

मिस्त्री आला आणि टाकं उपसलं. उपसलेलं पाणी तिसऱ्या दिवशी ओहोळातून निघून गेलं आणि चौथ्या दिवशी झिरा बसला. आधी गढूळ, मग चिखल, मग नुसती ओल. बाया पुन्हा नदीवर जायला लागल्या. मी वरून पाहायचो, पहाटेच्या उजेडात त्यांची रांग वळणावर दिसायची आणि परत येताना एकेकीची मान हंड्याखाली ताठ झालेली असायची. फुई मात्र झिऱ्यापाशीच बसून राहायची, उंबराला टेकून. बाई यायला पाच दिवस राहिले होते.

रिकाम्या टाक्यात उतरून मिस्त्री जाळीत बूच बसवत होता. बाजूच्या भिंतीतून नवीन पाइप घालून झाला होता, पंपघरापर्यंत जोडला होता. मी वर पंपघरात होतो. तिथे जमिनीतून जुन्या पाइपाचं तोंड वर आलेलं, तेच तोंड जे मी चौदा वर्षांपूर्वी दोन हातांनी धरून सरळ केलं होतं. त्याच्या वीतभर शेजारून बोअरची लाइन आत येते. मी किती वेळ त्या दोन पाइपांकडे पाहत उभा होतो कोण जाणे. मिस्त्री हात पुसत आला.

"काका, याला टोपी मारतो म्हणजे मिटलं."

मी म्हटलं, "टोपी नको. बोअरच्या लाइनीला टी जोडून फाटा काढ, तो या जुन्या पाइपात सोड आणि मध्ये कॉक लाव."

तो हसला. "काका, हा पाइप फुटका आहे. आत सोडाल ते जमिनीत जाईल."

"जाऊ दे."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग पंपघराच्या जाळीतून खाली पाहिलं. उंबर तिथून दिसतो, आणि उंबराखालची पांढरं पातळ नेसलेली म्हातारीही. मग पिशवीत हात घालून एक जुना पितळी कॉक काढला. "माझं गाव त्र्यंबकच्या मागे," तो म्हणाला. "आई अजून टँकरच्या मागे पळते." कॉक आवळून झाल्यावर पाना खाली ठेवत म्हणाला, "बाईंनी विचारलं तर पूल एक थेंब गळत नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगीन. कॉकचं मी काही पाहिलेलं नाही. तो तुमचा."

त्या संध्याकाळी मी बाईंना कळवलं: पंप दुरुस्त केला, वाळू बदलली, टाइल्स जुन्याच बसवल्या, तळाच्या जाळीला कायमचं बूच मारून बाजूने नवीन पाइप घातला, टाकं आता गळत नाही. यातला शब्दन् शब्द तपासला तर खरा निघेल. त्यांनी "देव तुमचं भलं करो" असं उलट कळवलं. ते मी दोनदा वाचलं आणि फोन पालथा ठेवला.

आता मला कुठे जाता येत नाही. मुलगी विक्रमगडला दिलीय, तिने चार दिवस राहायला बोलावलंय, तिला म्हटलं पुढे बघू. गळती होती तेव्हा पाणी आपलं आपण जात होतं, मी मोटर लावायचो आणि नकळतपणाच्या आड झोपायचो. आता रोज सकाळी माझाच हात लागतो, तेव्हा कुठे झिरा भरतो. बाई सहा वाजता पाण्यात उतरतात आणि गुणगुणत चालतात, तेव्हा भिंतीपलीकडे पंपघरात मी कॉकवर हात ठेवून उभा असतो. त्या बाहेर येऊन "भाऊ, चहा घेतलात का?" विचारतात आणि मी हो म्हणतो. कोणत्या सकाळी त्या मोटरचा आवाज ऐकून आत डोकावतील, सांगता येत नाही. काय विचारतील ते मला माहीत आहे, उत्तर मात्र अजून जुळवलेलं नाही.

हे पत्र मी देवाच्या फळीखालच्या डब्यात ठेवणार आहे. तुमचा शेवटचा पत्ता मला माहीत होता, त्या घरात आता कोण राहतं तेही ठाऊक नाही, आणि तुमच्या हाती पडणार असतं तर मी कदाचित लिहिलंच नसतं.

पहिल्यांदा मोटर लावून कॉक उघडला तो बाई यायच्या आदल्या दिवशी सकाळी. पितळ गार होतं, अर्धा फेरा जड गेला आणि मग पाणी जुन्या पाइपात खाली पडल्याचा आवाज आला. वीस मिनिटं ठेवला, बंद केला, कडी लावली आणि खोडाळ्याला दूध आणायला निघालो. अर्ध्या वाटेत ध्यानात आलं की त्या सकाळी मी देवापुढे दिवा लावलाच नव्हता, आणि मागे वळावंसंही मला वाटलं नाही.